सामान तिथलं, हात आपला

प्रश्न असा आला आहे. नागपूरच्या मानेवाड्याची मुलगी ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या केमनिट्झला मास्टर्ससाठी चालली आहे. घरी शाकाहार, अंडं चालतं. स्वयंपाक वरणभात, पोहे आणि फोडणीच्या पोळीपुरता येतो. आई आतापासूनच डबे भरायला लागली आहे. मुलगी विचारते, "ताई, तिथल्या दुकानात मी काय घ्यायचं? नवीन पदार्थ खाऊन बघायची इच्छा आहे, पण चुकून मांसाहारी काही पोटात जाईल याची भीती वाटते. शिवाय विकत घेतलेलं आवडलं नाही तर पैसे वाया. सुरुवात कुठून करू?"

मी आहारतज्ज्ञ आहे. तुझ्या केमनिट्झच्याच सॅक्सनी राज्यात, लाइप्झिशला काही वर्षं राहिले. आता नागपुरात परदेशी निघालेल्या मुलामुलींना खाण्यापिण्याबद्दल सल्ला देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी पदार्थांच्या यादीने देणार नाही. पहिले दोन महिने अनोळखी पदार्थाच्या मागे लागू नकोस, अनोळखी सामानाच्या मागे लाग. तिथलं पीठ, तिथलं दही, तिथली डाळ, तिथली भाजी घरी आण आणि तुला येतं त्या पद्धतीने शिजव. चव निम्मी ओळखीची असली की उरलेली निम्मी जीभ पटकन स्वीकारते. जी मुलं पहिल्याच आठवड्यात काळा आंबट पाव आणि वासाचं चीज घेऊन बसतात, ती बहुतेक महिन्याभरात नूडल्सच्या पाकिटांवर येतात आणि पुढची दोन वर्षं तिथेच अडकतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता सगळ्यांना आधीच सांगते.

आधी बॅगेचं बोलू, कारण आईचे डबे भरणं सुरू झालंय.

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांपासून बनवलेले पदार्थ सामानात नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप नाही, पनीर नाही, पेढे नाहीत, आणि खव्याची संत्रा बर्फीही नाही. नागपूरच्या घरांना हे पचनी पडत नाही, कारण पाहुण्याला आपण दुसरं देतोच काय! पण विमानतळावर तपासणीत सापडलं तर ते फेकलं जातं आणि दंडही होऊ शकतो. ताजी फळं आणि भाज्या यांनाही डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं त्यातून सुटली आहेत. त्यामुळे संत्री नको, ताजा कढीपत्ता नको. कढीपत्ता वाळवून, चटणीत कुटून ने.

दुसरी गोष्ट खसखशीची. सावजी मसाल्यात खसखस असते आणि नागपूरहून युरोपला जाणारे बरेचजण आखातातल्या एखाद्या विमानतळावरून जातात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणं हा अमली पदार्थांच्या कायद्याखालचा गुन्हा आहे. सामान थेट पुढे जाणार असलं तरी हा धोका पत्करायचं काहीच कारण नाही. मसाला खसखस न घालता कुटून घे. जर्मनीत खसखस वाण्याकडे मिळते, पावावर आणि केकमध्ये सर्रास असते, फक्त तिचा रंग निळसर काळा असतो. भाजून वाटली की रस्सा तसाच दाट होतो, रंग तेवढा गडद येतो.

मग न्यायचं काय? भिवापुरी मिरचीचं तिखट, हळद, हिंग, ओवा, मोहरी, दगडफूल, खसखस नसलेला काळा मसाला, जवसाची आणि कढीपत्त्याची कोरडी चटणी, थोडे सांडगे. इतवारीतून हे सगळं अर्ध्या दिवसात होतं. एक छोटा स्टीलचा कुकर ने, पण इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात गॅस सहसा नसतो. काचेच्या सपाट शेगडीवर गोल बुडाची कढई नीट तापत नाही आणि शेगडी इंडक्शनची असली तर ॲल्युमिनियमचा कुकर चालतच नाही. जिरंही ने. तिथे "क्युमेल" लिहिलेली पुडी दिसेल, ती शहाजिऱ्याच्या जातीची. आपलं जिरं म्हणजे "क्रॉइत्सक्युमेल". फोडणीत अदलाबदल झाली तर वरणाची चव पार बदलते. तांदूळ, डाळ, साखर, बिस्किटं यांत वजन घालवू नकोस.

आता दुकान. आल्डी, लिडल, नेटो, पेनी ही स्वस्त साखळी दुकानं. रेवे आणि एडेका थोडी महाग, पण तिथे वस्तूंचे प्रकार जास्त. रविवारी ही सगळी बंद. उघडं असतं ते रेल्वे स्टेशनवरचं एखादं दुकान, पेट्रोल पंप आणि काही तासांपुरती बेकरी. सणाच्या दिवशीही तसंच. तू ऑक्टोबरमध्ये पोचणार म्हणून आत्ताच लिहून ठेव: ३ ऑक्टोबरला देशभर सुट्टी असते आणि ३१ ऑक्टोबरला सॅक्सनीत सुट्टी असते. नोव्हेंबरात बुधवारी आणखी एक सुट्टी येते, ती फक्त सॅक्सनीतच असते, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणींकडून तुला तिची आठवणही होणार नाही. शनिवारी संध्याकाळी घरात दूध, पाव, अंडी आणि कांदे आहेत का ते बघायची सवय लाव.

पहिल्या खेपेला खरेदीची घाई करू नकोस. रिकाम्या पोटी तर जाऊच नकोस. एक तास काढ आणि नुसतं दुकान वाच. किंमतीच्या पट्टीवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव असतो. तोच बघायचा, कारण पाकिटं २०० ग्रॅमची, ४०० ग्रॅमची, ५०० ग्रॅमची अशी निरनिराळी असतात. भाजी कुठे किलोवर, कुठे नगावर असते. नवलकोल, फ्लॉवर, काकडी हे बहुधा नगावर, तेव्हा चांगला मोठा नग निवडायला संकोच नको. पेयाच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर दिली की पैसे परत. नळाचं पाणी पिण्यालायक असतं, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. गल्ल्यावरची माणसं फार भराभर वस्तू सरकवतात आणि पिशवी आपणच भरायची असते, म्हणून कापडी पिशवी आधीच उघडून ठेव.

मी सुरुवात नेहमी दुधाच्या कपाटापासून करायला सांगते. भारतीय शाकाहारी माणसाला जर्मनीत सगळ्यात मोठा आधार तिथेच आहे, आणि बहुतेक मुलं दूध आणि लोणी उचलून पुढे जातात.

क्वार्क हा पदार्थ आपल्याला परका नाही. दूध विरजून, त्यातलं पाणी काढून केलेला तो चक्काच. डब्यावर ४० टक्के, २० टक्के असं लिहिलेलं असतं. हे प्रमाण पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धाचं, म्हणून ४० टक्केवाल्यात प्रत्यक्ष स्निग्ध सुमारे ११ टक्केच असतात. त्या डब्यात पिठीसाखर, वेलची आणि केशर घालून फेटलं की श्रीखंड तयार, आणि ते चांगलं होतं. बिनस्निग्धाच्या क्वार्कला "मागरक्वार्क" म्हणतात. त्यात १०० ग्रॅमला जवळपास १२ ग्रॅम प्रथिनं असतात आणि तो तिथल्या सगळ्यात स्वस्त प्रथिनांपैकी एक आहे. मीठ, जिरेपूड, बारीक कांदा घालून पावावर लाव, नाहीतर कोशिंबिरीत घाल. शाकाहारी मुलांचा प्रथिनांचा प्रश्न मी बव्हंशी या एका डब्यावर सोडवते.

"बुटरमिल्श" म्हणजे विरजलेलं दाट ताक. कढी तिचीच कर. बेसन आधी नीट कालवून घे आणि मंद आचेवर ढवळत राहा, नाहीतर फाटते. लोण्यात दोन मुख्य प्रकार दिसतील. "झाउअरराम" लिहिलेलं लोणी विरजण लावलेल्या सायीचं असतं, आपल्या घरच्या लोण्यासारखं. तेच आणून कढव. अडीचशे ग्रॅमच्या वडीतून साधारण २०० ग्रॅम तूप निघतं, आणि त्याचा वास आईच्या तुपाच्या फार जवळचा असतो. बॅगेतून तूप न्यायची गरज इथेच संपते. तयार तूपही मिळतं, "बुटरश्माल्ट्स" नावाने. पण शेजारीच "श्वाइनेश्माल्ट्स" असतं, ती डुकराची चरबी. पूर्ण नाव वाचल्याशिवाय डबा उचलू नकोस.

घरी दही लावायचं असेल तर साध्या दह्याचा डबा विरजणाला चालतो. दूध कोमटापेक्षा जरा जास्त, ४३ अंशांच्या आसपास हवं, आणि भांडं रात्रभर उबदार राहायला हवं. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवलं तर हिवाळ्यातही लागतं. बंद खोक्यातल्या टिकाऊ दुधाचं दही थोडं सैल लागतं, कवडी दही हवं तर थंड कपाटातलं ताजं दूध घे.

पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. पीठ जाळल्यावर १०० ग्रॅममागे किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा. राख म्हणजे कोंड्यातली खनिजं. ४०५ म्हणजे आपल्या मैद्याच्या जवळचं, १०५० मधलं, आणि "फोलकोर्न" म्हणजे पूर्ण धान्याचं. पोळीला फोलकोर्न आणि १०५० अर्धं अर्धं घे. तरीही पोळ्या आपल्यासारख्या होणार नाहीत, पहिल्या खेपेला कडक होतील. यात तुझा दोष नाही. आपल्याकडे गहू जात्याच्या दगडात दळला जातो, त्या दाबाने पिठातलं पिष्ट जास्त फुटतं आणि पीठ जास्त पाणी पितं. तिथलं पीठ लोखंडी रुळांतून निघालेलं असतं. कोमट पाणी, चमचाभर तेल आणि अर्धा तास झाकून ठेवणं, एवढ्याने बराच फरक पडतो.

राईचं पीठ, तिथलं "रोगेन", आपल्याला अगदीच अनोळखी. ही राई म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य. काळ्या आंबट पावाचा तोच आधार. पण पाव खायच्या आधी त्याचं थालीपीठ कर: अर्धं राई, अर्धं गहू आणि बेसन, कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), तीळ, तिखट. पीठ हाताला चिकटतं, म्हणून ओल्या फडक्यावर थाप. त्या थालिपिठातून राईची किंचित कडवट, मातकट चव ओळखीची झाली की बेकरीतला पाव खाताना ती परकी वाटत नाही. "सामान तिथलं, हात आपला" असं मी मुलांना सांगते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हेच थालीपीठ असतं.

डाळींची काळजी करू नकोस. लाल मसूर, आख्खी मसूर, काबुली चणे आणि पिवळ्या वाटाण्याची डाळ कोणत्याही साध्या दुकानात मिळते. वाटाण्याची डाळ भिजवून भरड वाट आणि चणाडाळीच्या जागी वापर. गोळाभात तिचा चांगला होतो, चव थोडी गोडसर. डीएम आणि रॉसमन ही खरं तर साबण-शाम्पूची दुकानं, पण तिथे सेंद्रिय डाळी आणि धान्यांचं एक कपाट असतं. सोनेरी "हिर्झे" म्हणजे वरीच्या जातीचं धान्य, उपासाला भगरीसारखी शिजव. रव्याला "ग्रीस" म्हणतात. बटाट्याच्या पिशवीवरही लक्ष दे: "मेलिगकोखेंड" म्हणजे पिठूळ, आलूबोंडा आणि पराठ्याला, तर "फेस्टकोखेंड" म्हणजे घट्ट, रस्सा आणि काचऱ्यांना.

तुरीची डाळ, कणीक, बेसन, पोहे यांसाठी भारतीय दुकान लागतं आणि ते महाग असतं. महिन्यातून एकदा पुरे. सांबार, पुदिना, भेंडी, लहान वांगी, डाळिंब, दाट दह्याच्या बादल्या यांसाठी तुर्की किंवा अरबी दुकान शोध. लाइप्झिशला आयझेनबानश्ट्रासे या रस्त्यावर अशी दुकानं ओळीने आहेत, आणि केमनिट्झहून ते लांब नाही. साखळी दुकानात सांबार चार काड्यांच्या कुंडीत मिळतो, तिथे मोठी जुडी मिळते. बाजारात फिरून, हातात घेऊन, भाव विचारून भाजी घ्यायची आपली बुधवारी बाजाराची सवय या दुकानांत सुखावते. घरची आठवण येईल त्या आठवड्यात मुद्दाम तिकडे जा.

आता मला सगळ्यात जवळच्या पदार्थाबद्दल लिहायचं आहे.

सॅक्सनीच्या पूर्वेला लाउझिट्झ नावाचा भाग आहे. तिथलं रोजचं जेवण म्हणजे सालासकट उकडलेले बटाटे, क्वार्क आणि वरून जवसाचं कच्चं तेल. सोबत कांदा किंवा कांद्याची पात, मीठ. पूर्ण शाकाहारी, गरिबाघरचं, पोटभरीचं. विदर्भातल्या जुन्या माणसांना हे ऐकवलं की त्यांचे डोळे चमकतात, कारण खिचडीवर, झुणक्यावर जवसाचं कच्चं तेल घेऊन ते लहानाचे मोठे झालेत. आपल्याकडे घाण्याचं जवस तेल ताटातून जवळजवळ गेलं आणि लाउझिट्झमध्ये ते अजून दुकानाच्या कपाटात आहे. तुझ्या आजीला विचार, तिने खाल्लं असेल तर ती तुला त्याचा कडसर वास सांगेल.

हे जेवण तू पहिल्या पंधरवड्यात कर. बटाटे घट्ट जातीचे, मिठाच्या पाण्यात उकडलेले. क्वार्क २० टक्क्यांचा, चमचाभर दुधात सैल केलेला. तेलाची बाटली सगळ्यात लहान घे, तिच्यावर "लाइनओल" असं लिहिलेलं असतं. ते तापवायचं नाही, फोडणीला तर मुळीच नाही, आणि उघडलं की फ्रीजमध्ये ठेवून काही आठवड्यांत संपवायचं. ताजं असताना ते सुक्या मेव्यासारखं लागतं, जुनं झालं की कडूजहर. अनेकांनी जुनं चाखून हे तेल कायमचं सोडलेलं मी पाहिलंय, म्हणून हे ठासून सांगते. पहिल्यांदा वरून आपली जवसाची कोरडी चटणी भुरभुर. दुसऱ्यांदा चटणी कमी कर. तिसऱ्यांदा तिथल्या माणसासारखं नुसतं मिठाने खा. जर्मन जेवणात पाय ठेवायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

सॅक्सनीतलीच आणखी दोन नावं ध्यानात ठेव, दोन्हींत अंडं असतं, मांस नसतं. "क्वार्ककॉयल्शेन", म्हणजे क्वार्क आणि उकडलेल्या बटाट्याच्या गोडसर तळलेल्या टिकिया, सफरचंदाच्या शिजवलेल्या गराबरोबर. आणि "आयरशेके", क्वार्क आणि अंड्याच्या मलईचे थर असलेला केक, तो बेकरीत तुकड्यावर मिळतो. तुकड्यावर मिळणाऱ्या वस्तूंपासूनच चाखायला सुरुवात करावी, आख्खा डबा घेऊन नाही.

आंबवलेली कोबी, झाउअरक्राउट, हिच्याबद्दल लोक नाक मुरडतात. ती फक्त कोबी आणि मीठ, दह्यातल्यासारख्याच जिवाणूंनी आंबवलेली. आधी धुऊन, पिळून, हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीच्या फोडणीत बटाट्याबरोबर परत. आंबाडीच्या भाजीवर वाढलेल्या माणसाला हा आंबटपणा मुळीच जड जात नाही. डब्यावर तयार शिजवलेली असं असेल तर घटक वाच, त्यात बेकनचे तुकडे असू शकतात. हिवाळ्यात "ग्रून्कोल" ही कुरळ्या पानांची भाजी येते, ती डाळ घालून पातळभाजीसारखी कर. बाहेर मात्र ती बहुधा सॉसेजबरोबरच शिजवतात. एप्रिलपासून रुबार्बचे लाल देठ येतात, आमटीला चिंचेऐवजी चालतात. देठच वापरायचे, पानं विषारी असतात. रानातून लसणीची पानं किंवा अळिंबी खुडायला कुणी बोलावलं तर फिरायला जा, पण खुडलेलं खाऊ नकोस. त्या पानांसारखीच दिसणारी विषारी पानं तिथेच उगवतात.

आता तुझी मुख्य भीती, मांसाहारी काही पोटात जाण्याची. जर्मन शाकाहार आणि आपला शाकाहार यांत फट आहे आणि ती फट दिसत नाही. पिवळ्या गोलातलं हिरव्या पानाचं इंग्रजी व्ही अक्षराचं चिन्ह असेल तर निश्चिंत घे. नसेल तर घटकांच्या यादीत तीन शब्द शोध. "गेलाटिने" हे हाडा-कातड्याचं, बहुधा डुकराचं. गमी गोळ्यांत असतं, आणि काही फळांच्या दह्यांत व पुडिंगांतही. "श्पेक" म्हणजे डुकराची चरबीदार मांसपट्टी, ती परतलेल्या बटाट्यांत, मसुरीच्या सुपात, बटाट्याच्या सॅलडमध्ये, कांद्याच्या केकमध्ये निमूट बसलेली असते. "लाब" म्हणजे चीज जमवायचं रेनेट, ते वासराच्या पोटातलं असू शकतं. तुला ते चालत नसेल तर "मिक्रोबिएलेस लाब" लिहिलेलं चीज घे. पार्मेझान मात्र नियमानेच वासराच्या रेनेटचं असतं. हा शेवटचा मुद्दा घरोघरी वेगळा. कुणाला चालतं, कुणाला नाही. जायच्या आधी घरी बसून ठरव, म्हणजे तिथे प्रत्येक पिझ्झ्यापुढे मन खात राहणार नाही.

बेकरीत अर्ध्या पावावर लालसर कच्चा गोळा आणि कांदा दिसला तर ते कच्चं डुकराचं मांस आहे, चटणी नव्हे. ऑक्टोबरात गढूळ, गोड द्राक्षाचा रस समजून "फेडरवाइसर" हातात देतील, त्यात दारू असते, ती आंबत असलेली नवी वाइनच आहे. ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीची दारू असतेच. हॉटेलात "मी शाकाहारी आहे" एवढं म्हणून थांबू नकोस. मांस नको, मासा नको, श्पेक नको, असं तिन्ही सांग. कुणाला ते जास्तीचं वाटत नाही.

अनोळखी शिजलेलं चाखायची सगळ्यात चांगली आणि स्वस्त जागा म्हणजे विद्यापीठाची मेन्झा, तिथली खानावळ. रोज एक तरी शाकाहारी पदार्थ असतो, फलकावर घटकांच्या खुणा असतात आणि विद्यार्थ्याला भाव कमी. आठवड्यातून एक दिवस ठरव की त्या दिवशी मेन्झात ज्याचं नाव ऐकलं नाही तेच घ्यायचं. पण थकलेली, आजारी, प्रवासाने मळमळत असताना नवीन काही खाऊ नकोस. हा नुसता मोठ्यांचा सल्ला नाही. जॉन गार्सिया या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये उंदरांवर दाखवलं की नवी चव आणि आजारपण एकत्र आलं की जीव त्या चवीला कायमचा धरून बसतो, दोष त्या पदार्थाचा नसला तरी. पोचल्यावरचा पहिला आठवडा खिचडी, दही, केळी, उकडलेली अंडी, पाव यांवर काढ.

आणि न आवडलं तर? एका घासावर निर्णय देऊ नकोस. लहान मुलांवरचे अभ्यास सांगतात की अनोळखी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त चाखावी लागते. मोठ्यांचंही फार वेगळं नाही, हे मी रोज पाहते. आंबट काळा पाव पहिल्यांदा पातळ काप, भाजून, लोणी लावून, अर्धाच खा. बेकरीत अर्धा पाव मागता येतो आणि तो यंत्रावर कापून देतात. उरलेले काप फ्रीजरमध्ये ठेव, एकेक काढून भाज, म्हणजे टाकायची वेळ येत नाही. राईने सुरुवातीला पोट फुगतं, कारण तिच्यातले काही तंतू आतड्यात आंबतात. हळूहळू वाढवलं की बसतं. पण दोन-तीन महिने प्रामाणिक प्रयत्न करूनही एखादी गोष्ट नको वाटली तर ती सोड, त्यात काही कमीपणा नाही. मला स्वतःला हार्झर चीज कधीच जमलं नाही.

वाया जाण्याबद्दल एक आणखी. पाकिटावर "मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस" ही तारीख उलटली म्हणजे पदार्थ खराब झाला असं नाही. तोवर तो उत्तम राहील एवढीच ती हमी. दही, डाळ, पीठ वास घेऊन, चाखून ठरवता येतं. "त्सू फरब्राउखेन बिस" ही तारीख मात्र पाळायची. पहिल्या प्रकारची तारीख जवळ आलेल्या वस्तू दुकानं कमी भावात वेगळ्या ठेवतात, अनोळखी चीज किंवा क्वार्क चाखायला ते टोपलं उत्तम.

कुणी घरी जेवायला बोलावलं तर चालत नाही ते आमंत्रण मिळाल्याबरोबर सांग, ताटावर बसल्यावर नाही. तिथे ते उद्धट मानत नाहीत, उलट आयत्या वेळी सांगितलं तर यजमान खट्टू होतात. जाताना आपल्याकडचा एक पदार्थ ने, तिखट अगदी बेताचं. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरातही हेच. मिरचीच्या फोडणीने खोकला सगळ्यांना येतो आणि धुराची घंटाही वाजू शकते. खिडकी उघड, झाकण हाताशी ठेव, आणि पाटवडी केलीस तर चार वड्या शेजारणीला दे. दोन आठवड्यांत ती तुला तिच्या आजीच्या हातचं काहीतरी आणून देईल, आणि तिथलं सामान तिथल्या हाताने कसं शिजतं हे तुला दुकानापेक्षा त्या डब्यात जास्त कळेल.

जायच्या आधी ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी नागपुरातच करून घे. आपल्या शाकाहारी मुलींमध्ये ही दोन्ही बऱ्याचदा कमी निघतात, आणि जर्मनीत ऑक्टोबर ते मार्च ऊन इतकं तिरपं असतं की त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही. कमी निघालं तर डॉक्टरांकडून मात्रा लिहून घे आणि गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेव. तिथे मीठ घेताना "योडझाल्ट्स" लिहिलेलंच घे, सगळ्या पुड्यांत आयोडीन नसतं.

रक्ताचा अहवाल आला की कळव. केमनिट्झच्या खोलीत शेगडी कोणती आहे तेही वसतिगृहाला आत्ताच लिहून विचार. इंडक्शन असेल तर आईला म्हणावं, कुकर घेताना बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच घ्या.